दुसऱ्याच्या वहीतली नोंद

६ सप्टेंबर १९६५, सोमवार. लुधियाना जिल्ह्यातल्या हलवारा विमानतळावर दिवस मावळायला आला होता आणि वर दोन हंटर विमानं घिरट्या घालत होती. एकात प्रकाश सदाशिव पिंगळे, दुसऱ्यात आदी गांधी. काम पहारेकऱ्याचं. कुणी आलं तर अडवायचं, नाही आलं तर अंधार पडताना खाली उतरायचं आणि चहा घ्यायचा.

त्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलाचा बेत मोठा होता. पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या तिन्ही तळांवर एकदम धाड. पठाणकोटला ती साधली, जमिनीवर उभी असलेली आपली दहाएक विमानं जळाली. आदमपूरला निघालेल्या तुकडीची वाटेत तरनतारनजवळ हंटर विमानांशी गाठ पडली आणि ती माघारी गेली. हलवाऱ्यासाठी चार सेबर विमानं ठरली होती, एक ऐनवेळी बिघडलं, तीन आली. पुढे स्क्वाड्रन लीडर सरफराज रफिकी, बरोबर सेसिल चौधरी आणि युनूस हुसेन. रफिकी म्हणजे साधी असामी नव्हे. पाचच दिवसांपूर्वी छंबवर आपली जुनाट व्हँपायर विमानं पाडणाऱ्या दोघांपैकी ते एक.

रफिकींनी पहिल्याच झपाट्यात पिंगळ्यांची पाठ धरली. पिंगळ्यांचं विमान हाताबाहेर गेलं, ते पॅराशूटने आपल्याच तळाच्या परिसरात उतरले. रफिकी गांधींकडे वळले आणि त्यांच्या बंदुका अडकल्या. त्यांनी सेसिल चौधरींना रेडिओवरून पुढे व्हायला सांगितलं आणि स्वतः त्यांची पाठ राखायला मागे सरकले, असं पाकिस्तानी बाजू सांगते. बंदूक चालत नसताना माणूस शत्रूच्या तळावर थांबला, हे मला त्यांच्या दोन व्हँपायरपेक्षा मोठं वाटतं. दरम्यान गांधींनी एका सेबरवर मारा केला आणि क्षणात त्यांच्याच मागे दुसरं सेबर आलं. गांधीही पॅराशूटने उतरले. तोवर राठोड आणि नेब ही हंटरची दुसरी जोडी येऊन भिडली. नेब तसे नवशिके. दोघांनी एकेक सेबर टिपलं. सेसिल चौधरी एकटे सरगोध्याला परतले. रफिकी आणि युनूस हुसेन गेले.

आता बेरीज करू. गांधी एक, राठोड एक, नेब एक. आपल्याकडे जमा तीन. तिघांनाही वीरचक्र मिळालं. पण आली तीनच विमानं, आणि त्यातलं एक घरी गेलं. जमिनीवर सांगाडे पडले दोन.

कुणी खोटं बोललं का? नाही. हा लेख त्या एका जादा सेबरबद्दल आहे.

हवाई लढाईचा हिशेब ठेवायचा म्हणजे दुकानाची खतावणी नव्हे. तिथे जमा आणि नावे दोन्ही आपल्याच हाताने लिहितो. इथे नावेची बाजू प्रत्येकाची चोख असते. किती गेले, किती आले, रात्री मेसमध्ये कुणाचं ताट रिकामं राहिलं, हे स्क्वाड्रनच्या आचाऱ्यालाही ठाऊक असतं. जमेची बाजू मात्र घाबऱ्याघुबऱ्या, घामाने निथळलेल्या माणसाने मान वळवून अर्धा सेकंद पाहिलेल्या दृश्यावर लिहिली जाते. म्हणून आपली जमा तपासायची तर शत्रूची वही उघडावी लागते. आणि ती सहजासहजी उघडत नाही.

अर्धा सेकंद म्हणजे काय, ते घरी करून बघण्यासारखं आहे. हात पूर्ण लांब करा आणि चिमटीत ज्वारीचा दाणा धरा. नॅट विमानाच्या पंखांची रुंदी पावणेसात मीटरला किंचित कमी. ते एक किलोमीटरवरून समोर येताना त्या दाण्याहून जेमतेम मोठं दिसतं. आता दोघेही ताशी ९०० किलोमीटरने एकमेकांकडे येत असतील, तर सेकंदाला अर्धा किलोमीटर अंतर मिटतं. दाणा दिसल्यापासून विमान कानाजवळून जाईपर्यंत दोन सेकंद. हे सरळ रेषेत. वळताना पाच पट वजन अंगावर येतं, सत्तर किलोचा माणूस साडेतीनशे किलोचा होतो, डोळ्यांतलं रक्त उतरतं आणि आधी रंग जातात, मग कडा काळ्या होत जातात. अशा डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष काढायची असते.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात ही सगळी मंडळी एका जागी भेटतात. मी गेलो तेव्हा दुपार होती आणि एका शाळेची सहल आली होती. पोरं मिग-२१ कडे धावली, नॅटकडे कुणी फिरकलं नाही. साहजिक आहे. ते विमान शेजारच्या विमानांचं पिल्लू वाटतं. नॅट बनवणारे टेडी पेटर यांचं म्हणणंच ते होतं, की लढाऊ विमानं उगाच फुगत चालली आहेत, लहान आणि स्वस्त का नकोत? ब्रिटनच्या हवाई दलाने लढाऊ नॅट घेतलं नाही, शिकाऊंसाठीचं तेवढं घेतलं. भारताने १९५६ मध्ये परवाना घेतला आणि बंगळुरात ते बांधलं. हंटर त्यामानाने देखणं, भारदस्त. त्याच्या नाकाखाली दोन फुगीर गाल आहेत. तोफा चालताना काडतुसांच्या पट्ट्यांच्या कड्या सुटून खाली पडतात, त्या साठवायला ते गाल. ब्रिटिश वैमानिकांनी त्यांना एका नटीचं नाव दिलं होतं, ‘सब्रिना’. वैमानिक सगळीकडे सारखेच.

हंटरच्या नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा. ऐकायला दारूगोळ्याचं कोठार वाटतं, पण घोडा सतत दाबून धरला तर सात-आठ सेकंदांत सगळं संपतं. नॅटच्या दोन तोफांचं त्याहून कमी, आणि त्यांना अडकायची खोड. सेबरच्या सहा मशीनगन जरा जास्त पुरायच्या, पंधरा सेकंदांच्या आतबाहेर. गोळी मात्र लहान. म्हणूनच सेबरच्या गोळ्यांनी चाळण झालेली विमानं कितीदा तरी घरी पोहोचली, आणि ३० मिलिमीटरचे दोन-तीन गोळे बसले की बहुधा गोष्ट संपायची. बहुधा.

या हिशेबाची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली, आणि तेव्हापासूनच तो गोंधळाचा. मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन हा जर्मन सरदारपुत्र विमान पाडलं की बर्लिनच्या सोनाराकडून चांदीचा पेला करून घ्यायचा, त्यावर तारीख आणि विमानाचा प्रकार कोरलेला. साठ पेल्यांवर चांदी मिळेना म्हणून ते थांबलं, पाडापाडी थांबली नाही. आकडा ८० वर गेला. २१ एप्रिल १९१८ ला तो स्वतः पडला. श्रेय रॉय ब्राउन या कॅनेडियन वैमानिकाच्या नावावर लिहिलं गेलं. आज बहुतेक अभ्यासक म्हणतात, गोळी खालून आली, ऑस्ट्रेलियन मशीनगनची. ऐंशी जणांचा हिशेब ठेवणाऱ्याची स्वतःची नोंद चुकीच्या खात्यात पडली.

त्याच वर्षी जुलैमध्ये कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय फ्रान्सवर तेरा दिवसांत दहा विमानांचा धनी झाला आणि २२ जुलैला, विशी गाठण्याआधीच, गेला. भारताचे पहिले भारतीय हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी त्याचे भाचे. रॉयच्या दहांबद्दल आपण अभिमानाने बोलतो, बोलावंच. पण त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत ‘ताबा सुटून खाली जाताना दिसलं’ हेही विजयातच धरत. खाली जाऊन ते सावरलं का, हे बघायला कोण थांबतो? थांबला तो मेला.

सगळ्यात मोठी चूक झाली ती १५ सप्टेंबर १९४० ला, लंडनवर. त्या दिवशी ब्रिटनने जाहीर केलं, शत्रूची १८५ विमानं पाडली. युद्धानंतर जर्मन कागद हाती आले तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. तिप्पट! यातही लबाडी फारशी नव्हती. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात इंधन थेट पिचकारीने जायचं. मागे कुणी लागलं की जर्मन वैमानिक नाक एकदम खाली दाबून, इंजिन पूर्ण ताणून, काळा धूर सोडत सूर मारायचा. स्पिटफायरच्या इंजिनाला कार्ब्युरेटर. तसं नाक दाबलं तर इंजिन गुदमरायचं. त्यामुळे पाठलाग करणाऱ्याला दिसायचं ते एवढंच: आपण गोळ्या झाडल्या, ते धूर ओकत खाली ढगात गेलं. संपलं की! आणि त्याच विमानावर आणखी दोघांनी गोळ्या झाडलेल्या असायच्या, तिघेही उतरून तीन नोंदी करायचे. तिकडे जर्मन वैमानिक फ्रान्समध्ये उतरून सिगारेट पेटवायचा, आणि स्वतःच्या फुगवलेल्या नोंदी लिहायला बसायचा. पुढे १९४१ मध्ये बिआट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी कार्ब्युरेटरमध्ये बसवायची साधी भोकाची चकती काढली आणि ते गुदमरणं बरंच आटोक्यात आलं. १५ सप्टेंबर ब्रिटनमध्ये अजून पाळतात. आकडा खोटा ठरला तरी दिवस खराच होता.

मग १९६५. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी छंबवर गेलेली व्हँपायर विमानं पडली आणि हवाई दलाने ती जुनी विमानं आघाडीवरून काढून घेतली. ३ तारखेला डाव उलटा टाकला. मिस्टेअर विमानं वर, सहज दिसतील अशी, आमिष म्हणून. नॅट विमानं खाली, जमिनीला घासून. सेबर आली, नॅट वर झेपावली आणि ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरवर जवळून मारा केला. पंखाचे तुकडे उडताना दिसले. भारतीय हवाई दलाच्या नावावर पहिलं सेबर जमा झालं, देशभर जल्लोष झाला, कीलरांना वीरचक्र मिळालं. व्हँपायरच्या धक्क्यानंतर त्या बातमीची गरज किती होती, ते आज कळायचं नाही. नॅटला ‘सेबर स्लेयर’ हे बिरूद चिकटलं ते या युद्धानंतर.

ते सेबर युसुफ अली खान यांचं. मोडक्या अवस्थेत त्यांनी ते तळावर नेऊन उतरवलं. हे पाकिस्तानने सांगितलं तेव्हा आपण अर्थातच मानलं नाही. पुढे जगन मोहन आणि समीर चोप्रा या दोघांनी दोन्ही बाजूंच्या नोंदी समोरासमोर ठेवून १९६५ च्या हवाई युद्धाचा इतिहास लिहिला, त्यात हे स्वच्छ नोंदवलं. दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला, पठानियांनी नॅटमधून पाडलेलं सेबर मात्र खरंच पडलं, ते पाकिस्तानही मान्य करतो. म्हणजे बिरूद खोटं नाही, फक्त त्याची तारीख एका दिवसाने सरकवायला हवी. तेही आता कोण सरकवणार? ३ तारखेच्या त्याच चकमकीतून स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचं नॅट मात्र भलतीकडे गेलं आणि पसरूरच्या पाकिस्तानी धावपट्टीवर उतरलं. का उतरलं, यावर दोन्ही बाजूंची दोन मतं आहेत. विमान कराचीच्या संग्रहालयात उभं आहे, त्याबद्दल वाद नाही.

७ सप्टेंबरला आपण सरगोध्यावर गेलो. त्या दिवसाचं पाकिस्तानातलं सगळ्यात गाजलेलं नाव महंमद महमूद आलम. त्यांनी एका मिनिटाच्या आत पाच हंटर पाडली, असं तिथे शाळेत शिकवतात, लाहोरच्या गजबजलेल्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. आपल्या नावेच्या बाजूला त्या चकमकींत तीन हंटर दिसतात. सुरेश भागवत आणि जगदेवसिंग ब्रार परतले नाहीत, ओंकारनाथ काकर पाकिस्तानच्या हाती लागले. पाच आणि तीन यांतला फरक इतकी वर्षं भारतीय लेखक मोठ्या चवीने सांगत आले आहेत. मला त्या फरकात रस कमी झाला आहे. आलम यांना समोर वळत्या रांगेत पाच हंटर दिसली, त्यांनी पाचांवर मारा केला आणि मिनिट संपलं. हलवाऱ्याला आपली तीन झाली, सरगोध्याला त्यांची पाच. रोग एकच. भागवतांचं नाव मात्र त्या पाचांच्या वादात ‘त्यातलं एक’ म्हणून उरतं, आणि मराठी वाचकालाही ते सांगावं लागतं.

पिंगळ्यांकडे परत येतो, कारण त्यांची नोंद या सगळ्यात सर्वांत सरळ आहे. स्वतःच्या तळावर स्वतःचं विमान गमावलेला हा वैमानिक दहा दिवसांत पुन्हा हंटरमध्ये बसला. १६ सप्टेंबरला फारुख बुनशा यांच्याबरोबर तो गस्तीवर असताना दोन सेबर सामोरी आली. त्यातलं एक आलम यांचं. आलम यांनी बुनशांना गाठलं, बुनशा गेले. पिंगळ्यांनी दुसऱ्या सेबरची पाठ धरली आणि सोडली नाही. शौकत-उल-इस्लाम हा तरुण वैमानिक पॅराशूटने भारतीय हद्दीत उतरला आणि युद्धकैदी झाला. पाडलेल्या विमानाचा वैमानिकच समोर उभा असला की वह्या जुळवायला बसावं लागत नाही. पिंगळ्यांना वीरचक्र मिळालं.

कैदी हा सगळ्यात पक्का पुरावा. कॅमेराही असतो म्हणा. तोफेचा घोडा दाबला की नाकातला छोटा कॅमेरा आपोआप चालू होतो. पण त्यालाही समोरचं जेवढं दिसतं तेवढंच, आणि घोडा सोडला की तोही डोळा मिटतो. २२ नोव्हेंबर १९७१ ला, युद्ध जाहीर व्हायच्या आधी, पूर्वेला बोयऱ्यावर चार नॅट आणि तीन सेबर भिडली. मॅसी, गणपती, सोआरेस, लझारस हे आपले चौघे. गणपतींचा ‘मर्डर, मर्डर, मर्डर’ हा रेडिओवरचा ओरडा हवाई दलात दंतकथा झाला. लक्ष्य पडल्याची ती सांकेतिक खूण. चित्रफिती मिळाल्या, परवेझ मेहदी कुरेशी आणि खलील अहमद हे दोन पाकिस्तानी वैमानिक हाती लागले. तरीही हिशेब तीनचा जाहीर झाला, कारण तिसरंही मार खाऊन गेलं होतं. ते ढाक्याजवळच्या तेजगावला पोहोचलं. त्याच्या वैमानिकाने तिकडे एक नॅट पाडल्याचं सांगितलं. आपली चारही नॅट तोवर डमडमला उतरली होती. दोन्ही वह्यांत एकेक जादा.

कुरेशी पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. बोयऱ्याला नॅट चालवणारे लझारस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. उत्तर आलं.

हे सगळे जादा दाव्यांचे किस्से. याच्या नेमकी उलट एक गोष्ट आहे. जमा झालेली, पण आपल्या वहीत कधी लिहिलीच न गेलेली.

७ सप्टेंबर १९६५ चीच पहाट. आदमपूरहून पहिल्या स्क्वाड्रनची बारा मिस्टेअर सरगोध्याकडे निघायची होती. पुढे ओ. पी. तनेजा. बारातलं कुणी गळलं तर जागा भरायला म्हणून राखीव ठेवलेल्यांत कूर्गचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या होते. तेही गेले. मिस्टेअरला सरगोधा म्हणजे इंधनाच्या काठावरचं अंतर. जा, मारा, परत या. वाटेत कुणाशी भांडत बसलात तर घर गाठणार नाही. हल्ला करून तुकडी फिरली. सगळे आदमपूरला उतरले, देवय्या उतरले नाहीत. त्यांचं काय झालं, हे एकाही साथीदाराने पाहिलं नव्हतं. नावापुढे लिहिलं गेलं, बेपत्ता.

घडलं ते असं. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन स्टारफायटर घेऊन मिस्टेअरच्या मागे आले. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं, आखूड पंखांचं, बाणासारखं. सरळ जाताना त्याला तोड नाही. पण पंख आखूड म्हणून वळण मोठं, आणि वळवण्यासाठी वेग उतरवला की ते जड होतं. अमजद यांनी देवय्यांच्या विमानावर मारा केला, तो लागलाही. इथे देवय्यांना जमेल तसं घराकडे निघता आलं असतं. ते वळले. जखमी विमान घेऊन, जमिनीलगत, इंधनाचा हिशेब सोडून, आपल्याहून दुप्पट वेगवान विमानाशी वळणावळणाची झुंज घेतली. वेग उतरवून त्यांच्या मापाच्या लढाईत आलेलं स्टारफायटर त्यांच्या तोफांसमोर आलं. अमजद पॅराशूटने बाहेर पडले. देवय्या परतले नाहीत.

स्टारफायटर पडलं हे पाकिस्तानच्या नावेच्या बाजूला होतं, पण आधी कारण वेगळं सांगितलं जायचं: पडत्या भारतीय विमानाचे तुकडे लागून ते गेलं. आपल्याकडे तर त्याची नोंदच नव्हती, कारण सांगणारा माणूस परत आला नव्हता.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये अमजद हुसेन पुन्हा स्टारफायटर घेऊन आले, या वेळी अमृतसरवर. विमानवेधी तोफांनी त्यांना पाडलं आणि ते भारताचे युद्धकैदी झाले. सरगोध्यावरची ती सकाळ ज्याने समोरून पाहिली होती तो एकमेव जिवंत माणूस आपल्या छावणीत राहून, आपली भाकरी खाऊन परत गेला. देवय्यांच्या नावापुढे तेव्हाही तोच शब्द होता.

१९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं १९६५ च्या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं. ते लिहिलं होतं पाकिस्तानी हवाई दलाच्या मदतीने, त्यांचा पराक्रम जगापुढे यावा म्हणून. त्यात एक स्टारफायटर एका मिस्टेअरने पाडल्याचं आलं. वैमानिकाचं नाव नव्हतं, ते लेखकाला ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पण त्या सकाळी सरगोध्याहून न परतलेलं मिस्टेअर एकच होतं. तनेजांसारख्या जुन्या मंडळींनी ते वाचलं आणि कागद पुन्हा हलले. हलायलाही वेळ लागला. १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, देवय्यांना महावीरचक्र जाहीर झालं. ते घ्यायला त्यांच्या पत्नी गेल्या.